रोझाचा गैरसमज

न्यूअर्क, ४ फेब्रुवारी १९९६

प्रिय इदालिना,

तीन आठवड्यांत येतो म्हणून सप्टेंबरात निघालो, त्याला आता पाच महिने झाले. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मी थांबतो.

घातल्यास? बरं. आता बातमी ऐक. चित्रपट झाला! चौऱ्याण्णव मिनिटं. बहिणीच्या तळघरात तिच्या वॉशिंग मशीनशेजारी बसून मी तो जोडला, त्यामुळे एकदोन प्रसंगांत मागे घरघर ऐकू येते. ती ट्रामची आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

त्याहून मोठी बातमी म्हणजे तुमच्या चढावरचं ते जुनं थिएटर आहे ना, त्याच्या मालकानं १३ जूनला, अगदी संत अंतोनियोच्या सणादिवशी, दुपारी चारचा खेळ द्यायचं कबूल केलं आहे. बाहेरगावच्या महोत्सवांसाठी चित्रपट निवडणारे दोघं त्या आठवड्यात लिस्बनमध्ये असतील, ते येणार आहेत. ही माझी एकुलती एक संधी. पण पोर्तुगीज सबटायटल्स पाहिजेत, आणि ती तुझ्याच हातची पाहिजेत. तुझं ते रोजचं काम आहे, शिवाय तुझ्याइतकं मला समजून घेणारं दुसरं कोण आहे? कॅसेट आणि संवादांची यादी सोबत पाठवतो.

एक किरकोळ गोष्ट. आपण उन्हाळ्यात शूटिंग केलं तेव्हा नायकाचं निवेदन नव्हतं. जोडायला बसल्यावर गोष्ट जरा ढिली वाटली, म्हणून वरून माझा आवाज घातला आहे. चित्रं सगळी तीच आहेत. थोडं जास्त विनोदी केलंय इतकंच. तू हसशील.

तुझ्या आईला आणि माझ्या जुन्या शेजारणीला, दोना फेलिज्मिनाला, माझी आठवण सांग.

तुझा
क्लेटन


लिस्बन, २१ फेब्रुवारी १९९६

क्लेटन,

हसले. खोटं कशाला बोलू? तुझा तो अमेरिकन मित्र नोएल विमा कंपनीतल्या कारकुनांना भाषण कसं करावं ते शिकवतो आणि कारकून त्याचा भाषणाचा कागद उलटा धरून दाखवतात, तिथे हसले. चित्रपटातले पाचही अमेरिकन कॅफेत बसून, लिस्बनच्या खिडक्यांना डासांची जाळी का नाही यावर नाकानं कांदे सोलतात आणि वेटर बिचारा माशी हाकलत उभा असतो, तिथे तर ऑफिसातले सगळे हसले. दोरीवरची तुझी चड्डी दोना फेलिज्मिनाच्या सार्डिन मासे भाजायच्या शेगडीवर पडते, तिथे मी मशीन थांबवून पुन्हा पाहिलं.

मग सब्ज्याच्या कुंड्या आल्या.

तो भाग आपण माझ्या आईच्या स्वयंपाकघरात घेतला होता. मी छत्री धरून उभी होते, उजेड अडवायला. रोझाचं काम करणारी पोर्तोची मुलगी कुंडीवर तळहात फिरवून हात हुंगते आणि नायकाकडे बघते. त्या बघण्यावर आता तुझा आवाज आहे. तो म्हणतो, "ही कुंडी आपल्याकडच्या शुभेच्छापत्रासारखी असेल असं मला वाटलं होतं. रोझाला ती प्रेमाची कबुली वाटली. गैरसमज दूर करणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून मी पंधरा महिने तिच्याबरोबर हिंडलो."

पंधरा महिने! सभ्यपणापोटी!

आता नीट ऐक. १९९४ सालच्या सणाच्या आदल्या दिवशी तू कोपऱ्यावरच्या बाईकडून बारा कुंड्या घेतल्यास, आणि तुझ्या बिल्डिंगच्या जिन्यावरच्या बाराही दारांत एकेक ठेवलीस, हे खरं आहे. कुंडीतल्या कागदी फुलाला लावलेली प्रेमाच्या ओळींची चिठ्ठी तू वाचली नाहीस हेही खरं आहे. दोना फेलिज्मिनाच्या चिठ्ठीत, तू हो म्हणेपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही, असं होतं आणि ती बहात्तर वर्षांची बाई तुला आठवडाभर सूप पाठवत होती, पोरगं उपाशी मरू नये म्हणून. गल्ली अजून हसते. असली चूक करावी तर अमेरिकन माणसानंच.

पण मी त्या जिन्यावर राहत नाही, क्लेटन. मी समोरच्या घरात राहते. सणाच्या दिवशी सकाळी कॅफेत मीच तुला समजावून सांगितलं की ही कुंडी मुलगा फक्त आपल्या आवडत्या मुलीला देतो आणि दिली की प्रेम कबूल केलं असं ठरतं. तुझे कान लाल झाले. अर्धा तास तू कॉफीत चमचा फिरवत बसलास. मग उठलास, कोपऱ्यावर गेलास आणि तेरावी कुंडी घेऊन आमच्या दारात आलास. दार आईनं उघडलं. तुला सगळं माहीत होतं.

तेरा जूनला अख्खी गल्ली येणार आहे. त्यांनी कामं केली आहेत, आईनं स्वयंपाकघर दिलं आहे. रोझा म्हणजे कोण हे तिथल्या मांजरांनासुद्धा ठाऊक आहे. आणि मी माझ्याच हातानं पडद्यावर लिहू की इदालिना वेडी, तिला उगाच वाटलं?

ते निवेदन बदल. नाहीतर माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. अक्षरं फिल्मवर कोरायला वीस मेला द्यावी लागतात आणि एकदा कोरली की निघत नाहीत. तुझ्या हातात तीन महिने आहेत.

इदालिना


न्यूअर्क, ८ मार्च १९९६

प्रिय इदालिना,

तू चिडणार हे मला वाटलंच होतं. पण जरा शांतपणे विचार कर. हा उपहासाचा चित्रपट आहे. यात मूर्ख कोण ठरतो? नायक! तो अमेरिकन आहे, अडाणी आहे, त्याला कशातलं काही कळत नाही. सगळं कळून प्रेमात पडणाऱ्या माणसावर कोण हसेल?

आणि रोझा म्हणजे तू नाहीस. रोझाकडे कुत्रा आहे.

"पंधरा महिने" या वाक्याला बहिणीच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. चौऱ्याण्णव मिनिटांतला तो सगळ्यांत मोठा हशा आहे. तोच काढला तर शेवटाला काही जोरच राहत नाही. शिवाय आवाज भरायची खोली एका ओळखीच्या माणसानं फुकट दिली होती, तो पुन्हा देईलसं वाटत नाही. तुला नसेलच करायचं तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल. मला ते मुळीच आवडणार नाही, पण माझा नाइलाज आहे.

रागावू नकोस. तू रागावलीस की तुझं अक्षर फार सुंदर येतं आणि वाचताना मला भीती वाटते.

तुझा
क्लेटन


लिस्बन, २२ मार्च १९९६

क्लेटन,

रोझा म्हणून जिला घेतलीस तिचं नाव तरी दुसरं ठेवायचंस. पोर्तुगीज मुलगी म्हटली की तुम्हा लोकांना रोझाच सुचते. कुत्रा शेजारच्यांचा होता, तो फ्रेममध्ये आपणहून आला.

दुसऱ्या कुणाकडून करून घे म्हणतोस. तर ऐक. इंग्रजीचं काम करणारे आम्ही तिघं आहोत. परवा मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सेन्योर अँसेल्मो, हा अमेरिकन चित्रपट मला द्या." ते म्हणाले, "कुणी मागत नव्हतंच. घे." कामाच्या वहीत माझं नाव लागलं आणि खाली त्यांची सही झाली. आता या शहरात तुझ्या चित्रपटाला माझ्यावाचून दुसरी वाट नाही. मी बाजूला होणार नाही. बाजूला व्हायचा काळ तू गेलास तेव्हाच संपला.

काम मी चोख करते आहे. तुझे विनोद दोन ओळींत, एका ओळीत जेमतेम पस्तीस अक्षरांत बसवते आणि माझ्या हातून त्यातले काही तुझ्या इंग्रजीपेक्षा बरे झालेत. चौऱ्याण्णव मिनिटांची दया तुझ्यावर करते आहे असं समज. फक्त कुंड्यांचा प्रसंग कोरा ठेवला आहे.

रोज संध्याकाळी आई विचारते, "क्लेटनचा सिनेमा कधी गं?" तिनं निळा झगा दोनदा इस्त्री करून ठेवला. काल म्हणाली, "माझं स्वयंपाकघर पडद्यावर केवढं दिसेल? त्या कोपऱ्यातली भेग दिसेल का?" मी म्हटलं, "भेग दिसेल आई." ती लगेच चुना आणायला निघाली. शूटिंग संपून सहा महिने झालेत हे तिला कसं सांगू?

मी तुला एकच प्रश्न विचारते. तू विसरलास की लपवलंस? विसरला असशील तर तसं लिही. मी निवेदन आहे तसं उतरवून देईन आणि आपला संबंध संपला. लपवलं असशील तर का, ते सांग.

इदालिना


न्यूअर्क, ९ एप्रिल १९९६ (पोस्टकार्ड)

प्रिय इदालिना, इथे अजून थंडी आहे. बहिणीचं वॉशिंग मशीन बिघडलं, तळघरात घोटाभर पाणी झालं, फिल्मचे डबे मी टेबलावर चढवून वाचवले. नोएल लग्न करतोय, डेन्व्हरच्या एका दातांच्या डॉक्टरशी. जागा संपत आली, तुझ्या प्रश्नाबद्दल सविस्तर नंतर लिहितो. क्लेटन


लिस्बन, १९ एप्रिल १९९६

क्लेटन,

पोस्टकार्ड पोचलं. मशीनचं ऐकून वाईट वाटलं. नोएलला शुभेच्छा, दात तरी नीट राहतील.

कार्ड उघडंच असतं, त्यामुळे दोना फेलिज्मिनानं ते पोस्टमनच्या हातातून घेऊन माझ्याआधी वाचलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी वाचलं. गल्लीत मला अडवून म्हणाली, "अगं पोरी, एवढंसं कार्ड आणि त्याला चार आठवडे? याच्या पोटात काहीतरी आहे."

"त्याच्या पोटात काही नाही," मी म्हटलं. "तो शेपूट घालून बसलाय."

"मग ओढ की शेपूट धरून."

"ओढतेच आहे."

"मी पण ओढीन," ती म्हणाली. "मला लग्नाचं वचन दिलंय त्यानं, लेखी आहे माझ्याकडे." आणि खोकला येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही. तिच्या दाराच्या पायरीवर बसून मी रडले आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे तुला सांगायचं नव्हतं, पण तुझ्यासारखं लपवायला मला जमत नाही. माझं तुझ्यावर प्रेम होतं, आणि ते कुणाच्या चुकीनं झालं नव्हतं.

प्रश्न तिथेच आहे. वीस मे सुद्धा तिथेच आहे.

इदालिना


न्यूअर्क, २ मे १९९६

प्रिय इदालिना,

विसरलो नव्हतो. लपवलं.

हे पत्र मी सहा वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी विनोद घुसायला लागला की फाडलं. सातव्यांदा लिहितो आहे.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात बहीण म्हणाली, "त्या मुलीला बोलावणार आहेस का? कुठे ठेवशील, ड्रायरमागे?" ती गमतीनं म्हणाली होती. पण मी आजूबाजूला बघितलं. सव्वीस वर्षांचा मी, नोकरी नाही, तळघरातली खाट. तुझ्याकडे परत यायचं तर काय घेऊन यायचं ते कळेना. आठवडा गेला, मग महिना गेला. जितका उशीर होत गेला तितकं पत्र लिहायचं धाडस कमी होत गेलं. एके दिवशी तुझं ते बघणं जोडायला घेतलं. म्हणजे रोझाचं बघणं, पण ते तू तिला शिकवलं होतंस, मी पाहत होतो. मला ते बघवेना. त्यावर काहीतरी बोलावंसं वाटलं आणि तोंडून ते निवेदन निघालं. हशा मिळाला. आणि मला किती हलकं वाटलं, काय सांगू! सगळा गैरसमजच होता असं ठरवलं की मी कुणाला सोडून आलो नाही. मग मी पळालोही नाही, माफीही मागायला नको.

तुझं १९ तारखेचं पत्र आलं त्या दिवशी मी त्या आवाजवाल्या माणसाच्या दारात जाऊन बसलो. तो चार तासांनी आला. ते निवेदन मी पुसलं. कुंड्यांच्या प्रसंगावर आता काहीच आवाज नाही, नुसतं ते बघणं आहे. आणि अगदी शेवटी, विमान गेल्यावर रिकाम्या गल्लीचं चित्र आहे ना, तिथे मी एवढंच म्हणतो: "मला माहीत होतं. रोझाला काहीही चुकीचं समजलं नव्हतं. माझं तिच्यावर प्रेम आहे आणि मी घाबरून पळालो."

बहिणीच्या मैत्रिणी या वेळी हसल्या नाहीत. एक म्हणाली, शेवट पडला. पडू दे.

प्रिंट काल विमानानं पाठवली. ते वाक्य उतरवशील ना?

क्लेटन


लिस्बन, १८ मे १९९६

क्लेटन,

प्रिंट पोचली. शेवटचं चित्र मी ऑफिसात एकटीनं पाहिलं, दार लावून. खूप रडले. मग तोंड धुऊन कामाला बसले, कारण काम होतं.

ते वाक्य उतरवायला मला एक मिनिट लागलं. दोन ओळींत नेमकं बसलं. छान झालं होतं. मग मी ते वाचलं आणि माझा हात थांबला. अरे, हे वाक्य तू कुणासाठी बोललास? माझ्यासाठी. आणि अंधारात बसलेल्या तीनशे लोकांना ते पोर्तुगीजमध्ये सांगायचं कुणी? तर मी! माझ्यावर कुणाचं प्रेम आहे हे मीच लिहून, मीच कोरून, गल्लीला वाचून दाखवायचं. तू तिकडे एका बंद खोलीत मशीनपुढे बोललास आणि बाकीचं सगळं मी करायचं.

मी ते करणार नाही.

आज मी यादी कोरायला दिली. एक हजार चाळीस सबटायटल्स आहेत आणि एकातही खोट काढता येणार नाही. शेवटच्या वाक्याखाली काही नाही. तिथे सात सेकंद तू इंग्रजीत बोलशील आणि खाली पडदा मोकळा राहील. आईला, दोना फेलिज्मिनाला, कोपऱ्यावरच्या बाईला तुझं इंग्रजी कळत नाही. ते सात सेकंद तुझे आहेत. लिस्बनला ये, पडद्यासमोर उभा राहा आणि ते पोर्तुगीजमध्ये तूच म्हण. नाही आलास तर लोक म्हणतील, इदालिना शेवटी काम अर्धवट टाकून घरी गेली. सेन्योर अँसेल्मो मला झापतील. मी ते ऐकून घेईन.

आता बदल होणार नाही. फिल्म कोरायला गेली आहे.

इदालिना


न्यूअर्क, ३० मे १९९६

इदालिना,

येतोय. अकरा जूनला पोचतो. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

इथे दोन गल्ल्या पलीकडे पोर्तुगालमधल्या विझेउ गावच्या एका नवराबायकोची बेकरी आहे. गेले चार दिवस मी रोज सकाळी पाव घ्यायला जातो आणि बाई माझ्याकडून ते वाक्य म्हणवून घेते. पहिल्या दिवशी तिनं डोक्याला हात लावला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आतून बोलावलं, "ऐका, हा काय म्हणतोय बघा." आज म्हणाली, "उच्चार वाईट आहे. पण मुलगी खरंच असेल तर चालेल." मी म्हटलं, ती फारच खरी आहे.

मला खूप भीती वाटते. हे लपवत नाही.

क्लेटन


लिस्बन, १४ जून १९९६, सकाळी
(दोना फेलिज्मिनाच्या हाती, तिसऱ्या मजल्यावर)

क्लेटन,

उठलास की हे वाच. दोना फेलिज्मिनानं आधी वाचलेलं असेल, त्याला इलाज नाही.

मी काल मध्येच उठून गेले, त्यावरून गल्लीत दोन पक्ष पडलेत. कोपऱ्यावरची बाई म्हणते मी लाजले. खालच्या मजल्यावरचा म्हातारा म्हणतो मी नाही म्हटलं. तू काय समजलास मला ठाऊक नाही. तुझं काही भलतं समजणं पुन्हा मला नको, म्हणून लिहिते.

चित्रपट चांगला झालाय. लोक पडद्याशी भांडत होते ते तू ऐकलंसच. दोना फेलिज्मिना स्वतःला बघून ओरडली, "अगं बाई, मी एवढी जाडी कधी झाले?" आणि ते दोघं निवडणारे वळून वळून तिच्याकडे बघत होते. आईला भेग दिसली. ती मला म्हणाली, "असू दे, खरी आहे."

मग ते सात सेकंद आले. पडदा मोकळा, तुझा इंग्रजी आवाज, आणि लोक कुजबुजायला लागले की अक्षरं कुठे गेली. तू पहिल्या रांगेतून उठलास. वळलास आणि तुझं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. बेकरीवाल्या बाईचं सगळं शिकवणं पार वाया. दोना फेलिज्मिना ओरडली, "बोल की रे, गिळतोस काय!" मग तू पाठ केलेलं सोडून दिलंस. तुझं पोर्तुगीज ऐकून माझ्या अंगावर काटा आला, इतकं वाईट होतं. पण तू माझं नाव घेतलंस. रोझा म्हटलं नाहीस. म्हणालास, "इदालिनाला बरोबर कळलं होतं. मला पण कळलं होतं. मी पळालो." आई रडायला लागली. खालचा म्हाताराही.

आणि मग तीनशे माणसं माझ्याकडे वळली. सगळ्यांची तोंडं एकसारखी दिसायला लागली. आता ही धावत जाणार, याच्या गळ्यात पडणार, दिवे लागणार, घरी जायचं. माझे पाय खरंच पुढे निघाले होते. म्हणून मी दाराकडे गेले. शेवट तू मला चांगला दिलास, क्लेटन, पण मला त्यात संपायचं नाही. आज मला आठ वाजता कामावर जायचं आहे.

काल तू सगळ्यांना सांगितलंस. माझी लाज राखलीस, उपकार आहेत. पण मला तू अजून काही विचारलेलं नाहीस. मी न्यूअर्कला येणार नाही. माझं काम इथे आहे, आई इथे आहे. तू इथे राहायचं आणि कामधंदा शोधायचा. नोएलसारखं कारकुनांना भाषण शिकवायचं सोडून दुसरं काहीही चालेल. आणि घाबरलास तर घाबरलो म्हणायचं, विनोद करायचा नाही. हे सगळं ऐकून तुला परत जावंसं वाटलं तर आजच जा, मी पुन्हा एकही पत्र लिहिणार नाही.

पाचला मी सुटते. ऑफिसपासून ट्रामच्या थांब्यापर्यंत दहा मिनिटं चालत जावं लागतं. त्या रस्त्यावर कुणी ओळखीचं नसतं, कॅमेरा नसतो, दोना फेलिज्मिनाला तेवढा चढ चढवत नाही. तिथे भेट आणि विचार. मी हो म्हणणार आहे, हे तुला आत्ताच सांगून टाकते, कारण तू घाबरट आहेस. पण विचारल्याशिवाय म्हणणार नाही.

इदालिना